नाव सरकारात हाय की!

श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा पगार घेणाऱ्या माणसांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो. सरकार दर महिन्याला आपल्याला पैसे पाठवतं, म्हणजे सरकारला आपण ठाऊक आहोत. मग पूर आला, टाळेबंदी लागली, घर पडलं, तर त्याची मदतही त्याच वाटेनं चालत येईल. हा समज खरा नाही, आणि त्याची झळ सगळ्यांत आधी ज्याला दुसरा आधार नाही त्यालाच लागते. 2019 पासून माझ्या आत्याच्या बाबतीत एकामागून एक जे घडत गेलं ते मी जवळून पाहिलं आहे. तिच्याबरोबर चावडीत बसले, बँकेच्या रांगेत उभी राहिले, तहसीलच्या व्हरांड्यात थांबले. त्यातून जे कळलं ते तिच्यासारख्या इतरांना वेळेआधी कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आत्या कृष्णाकाठच्या एका गावात, खालच्या आळीत राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दिराच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तिची वेगळी चूल आहे. तिला श्रावणबाळचा पगार मिळतो. आधी महिन्याला 600 रुपये होता, मग 1000 झाला, 2023 पासून 1500. सरकारी कागदावर ते ‘अर्थसहाय्य’ असतं, पण गावात सगळे त्याला पगारच म्हणतात, आणि त्या पैशावर तिचं तेलमीठ, औषधं आणि विजेचं बिल चालतं.

2019 च्या ऑगस्टात सांगलीत इर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे, यावरून काठच्या गावांचं काय झालं असेल ते समजावं. आत्याच्या खोल्यांत आढ्यापर्यंत पाणी होतं. तिला आम्ही आधीच आमच्याकडे आणलं होतं. तिच्या दोन शेळ्या मात्र गेल्या. पाणी ओसरू लागलं तेव्हा सरकारनं ग्रामीण भागातल्या पूरग्रस्त कुटुंबाला 10,000 आणि शहरी कुटुंबाला 15,000 रुपये जाहीर केले. त्यातले 5,000 रोख आणि उरलेले खात्यात. आत्या निर्धास्त होती. “माझं नाव सरकारात हाय की. पगार येतो त्यातच येतील.”

आले नाहीत. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आत्याच्या खोल्यांना कुलूप होतं. घराचा उतारा दिराच्या नावावर, शिधापत्रिका दिराच्या कुटुंबाबरोबर एकत्र. पंचनाम्यात एक घर, एक कुटुंब लागलं आणि त्या एका कुटुंबाची मदत पुतण्याच्या हाती पडली. पुतण्याचा त्यात काही डाव नव्हता. त्याचंही घर पाण्यात होतं, त्यानं सही केली, पैसे घेतले, बायकोपोरांना कपडे आणले. दोन चुलींच्या घराला एका चुलीची मदत मिळाली, आणि जी चूल कागदावर नव्हती ती उपाशी राहिली. आम्ही अर्ज दिला. तो या टेबलावरून त्या टेबलावर गेला, यादी बंद झाली, आणि 2019 चे ते पैसे आत्याला आजवर मिळालेले नाहीत.

इथे मुळातली गोष्ट समजून घ्यायला हवी. संकटातली सरकारी मदत दोन वाटांनी येते. एक वाट यादीची. आधीपासून तयार असलेल्या लाभार्थ्यांच्या यादीवर सरकार पैसे सोडतं. तुम्हाला अर्ज करावा लागत नाही, कुणी तुमच्या दारात येत नाही. करोनाच्या काळात असं झालं. दुसरी वाट पंचनाम्याची. पूर, अतिवृष्टी, वादळ, आग यांत नुकसान किती झालं ते पाहून, लिहून, मोजून मदत मिळते. या वाटेवर तुम्ही निराधार आहात की बागायतदार, हे कुणी विचारत नाही आणि पगाराची यादी कुणी उघडतही नाही. पंचनाम्याचा कागद हीच तिथली यादी. आत्याला वाटलं ती पहिल्या वाटेवर उभी आहे. पैसे दुसऱ्या वाटेनं वाटले जात होते.

पंचनाम्याबद्दल म्हणूनच थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं तिथे ठरतं. गावात तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीचं नुकसान असेल तर कृषी सहायक फिरतात. (या तिन्ही पदांची नावं अलीकडे बदलली आहेत, पण लोक जुन्याच नावांनी हाक मारतात आणि कामही तेच आहे.) त्या वेळी घरी कुणीतरी असायलाच हवं. म्हातारं माणूस निवारा केंद्रात किंवा लेकीकडे गेलेलं असेल तर शेजाऱ्यापाशी नाव, फोन नंबर आणि आधार, पासबुक, शिधापत्रिकेच्या झेरॉक्स ठेवून जावं. पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं त्याची चिखलाची रेघ धुण्याआधी तिचा फोटो काढावा. फोटोत घराचं दार आणि घरपट्टीचा क्रमांक दिसला तर उत्तम. भिजलेलं धान्य, फुगलेली गादी, वाहून आलेला गाळ, सगळ्याचे फोटो घ्यावेत. घर साफ करायची घाई समजते, पण तासाभराचा धीर पुढे बरंच काही वाचवतो. आणि पंचनाम्यावर अंगठा उठवायच्या आधी तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. “नंतर भरून घेतो” असं म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर देऊ नये. नम्रपणे सांगावं की भरून आणा, मी इथेच आहे.

भाड्यानं राहणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या घरात आसऱ्याला असलेल्या निराधारांना हमखास सांगितलं जातं की घर तुमचं नाही, तुम्हाला काही नाही. हे अर्धंच खरं आहे. पडलेल्या घराची मदत घरमालकाला जाते. पण कपडे आणि भांडी यांची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबाची असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 पासूनच्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबामागे 2,500 आणि भांडीकुंडी, घरसामानासाठी 2,500 रुपये आहेत. मोठ्या संकटात राज्य सरकार त्यावर भर घालतं. 2021 च्या पुरात कुटुंबामागे 10,000 दिले गेले, 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सीनेकाठी पाणी घुसलेल्या घरांनाही तातडीची मदत म्हणून 10,000 जाहीर झाले. भाडेकरू असाल तर भाडेपावती, वीजबिल, मतदार ओळखपत्र, यातलं जे त्या पत्त्यावरचं असेल ते दाखवा आणि पंचनाम्यात ‘राहणार’ म्हणून आपलं वेगळं नाव लावून घ्या. पूर्ण पडलेल्या घराला याच निकषांत सपाट भागात 1,20,000 आणि डोंगरी भागात 1,30,000 आहेत, तेव्हा उतारा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न लहान नाही. नवरा जाऊन दहा-दहा वर्षं झाली तरी घर त्याच्याच नावावर असतं. वारसनोंद ग्रामपंचायतीत आजच लावून घ्यावी. पाण्यात उभं राहून ती लागत नाही.

आत्याच्या शेळ्यांचंही तसंच झालं. दुभत्या गाई-म्हशीला 37,500 आणि शेळी-मेंढीला 4,000 हे 2022 च्या त्याच निकषांतले दर. एकट्या बाईला दोन शेळ्या म्हणजे काय असतात ते गावातल्या माणसाला सांगायला नको. पण मेलेलं जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाहिलं पाहिजे, त्याचा पंचनामा झाला पाहिजे. आत्याच्या शेळ्या पाण्याबरोबर गेल्या, त्यांची कुठेच नोंद नव्हती. आता राज्यात जनावरांच्या कानाला बारा अंकी बिल्ला मारून नोंद करण्याची सक्ती आहे, आणि 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही. बिल्ला मारायला माणूस दारात आला तर जनावराला दुखेल म्हणून परत पाठवू नका. भरपाईच्या वेळी तो बिल्लाच तुमची बाजू मांडतो.

पुढचं वर्ष टाळेबंदीचं. 26 मार्च 2020 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. ज्येष्ठ नागरिक, विधवा आणि दिव्यांग यांना दोन हप्त्यांत मिळून 1000 रुपये, आणि जनधन खातं असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा 500. या वेळी वाट यादीची होती, म्हणजे आत्याची. शेजारच्या काकूंच्या खात्यावर पैसे आले, आत्याच्या नाही. दोघीही श्रावणबाळच्या. गावात लगेच कुजबूज सुरू झाली की कुणीतरी खाल्ले.

कुणी खाल्ले नव्हते. श्रावणबाळचे लाभार्थी दोन गटांत असतात. ‘अ’ गटातल्यांची नावं दारिद्र्यरेषेच्या यादीत असतात. त्यांच्या पगारात केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा वाटा असतो आणि वर राज्य भर घालतं. ‘ब’ गटातल्यांचं उत्पन्न तितकंच तुटपुंजं, वर्षाला 21,000 च्या आत, पण नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही. त्यांचा सगळा पगार राज्य देतं. केंद्राचे 1000 रुपये केंद्राच्या यादीतल्यांना गेले. काकू ‘अ’ गटात होत्या, आत्या ‘ब’ गटात. दोघींच्या हाती पडणारा पगार सारखाच, त्यामुळे हा फरक त्यांना कधी जाणवलाच नव्हता. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकानं तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. मदत दिल्लीहून जाहीर झाली की मुंबईहून, एवढ्यावरून मग आपल्याला मिळणार की नाही याचा अंदाज येतो, आणि विनाकारण शेजाऱ्यावर संशय येत नाही.

मुंबईहून मदत आली ती पुढच्या वर्षी. 13 एप्रिल 2021 रोजी, दुसऱ्या लाटेतले निर्बंध लावताना, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी संजय गांधी, श्रावणबाळ आणि इंदिरा गांधी योजनांच्या सुमारे 35 लाख लाभार्थ्यांना 1000 रुपये आगाऊ देण्याचं जाहीर केलं. ‘आगाऊ’ या शब्दाकडे अनेकांचं लक्ष गेलं नाही. जादा मदत आली असं समजून काहींनी उधारी फेडली आणि पुढे हात आखडला. कुठलीही घोषणा ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारावा: हे पगाराव्यतिरिक्त आहेत की पगारातलेच लवकर दिलेत? तलाठी किंवा ग्रामसेवक हे एका वाक्यात सांगू शकतो.

त्याच वर्षी जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी आत्या तयार होती. पंचनाम्याला स्वतः दारात उभी राहिली, वेगळी चूल दाखवली, सरपंचाकडून तसं लिहून घेतलं. चावडीवर यादी लागली, नाव होतं, रकमेपुढे 10,000. आजूबाजूच्यांचे आले. आत्याचे येईनात. बँकेत विचारलं तर काहीच जमा नाही. तहसीलला विचारलं तर पैसे पाठवले आहेत. मधल्या मध्ये पैसे कुठे होते? 1 एप्रिल 2020 ला दहा सरकारी बँकांचं चार बँकांत विलीनीकरण झालं. आत्याची बँक त्यांतली एक. विलीन झालेल्या बँकांच्या शाखांचे आयएफएससी कोड पुढे टप्प्याटप्प्यानं बदलत गेले, आणि आत्याच्या पंचनाम्याला जोडली होती ती जुन्या पासबुकाची झेरॉक्स. पैसे निघाले, जुन्या कोडवर आपटले आणि परत सरकारी खात्यात जाऊन बसले. पगार मात्र दरमहा येत होता, कारण तो आधीच दुरुस्त झालेल्या यादीवरून येत होता, आणि त्यामुळे खात्यात काही बिघाड असेल अशी शंका कुणालाच आली नाही. नव्या पासबुकाची प्रत आणि अर्ज दिल्यावर बऱ्याच उशिरानं का होईना, ते पैसे आत्याला मिळाले.

“पाठवले आहेत” आणि “आले नाहीत” ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, हे ध्यानात ठेवा. अशा वेळी कर्मचाऱ्याशी भांडण्याऐवजी एकच गोष्ट मागावी: पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या खाते क्रमांकावर गेले आणि परत आले असतील तर कारण काय. परत आलेल्या पैशाला कारण लिहिलेलं असतंच. ते तोंडी सांगत नसतील तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच धरलं जातं. तरी उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा; 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, अर्जाला 10 रुपये लागतात आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात आणि तक्रारीला क्रमांक पडतो. आमच्या कामाला वेग आला तो तिथूनच.

आता आधारचा विषय. तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण यापुढच्या सगळ्या मदती याच दारातून येणार आहेत. 2024 च्या अखेरीपासून निराधार आणि श्रावणबाळचा पगार थेट लाभ हस्तांतरणानं, म्हणजे डीबीटीनं, यायला लागला. पिकांच्या नुकसानीची मदत त्याआधी, 2023 पासूनच, त्या पद्धतीवर गेली आहे. यात पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. एका आधारला किती बँकांत खाती असली तरी मदतीचे पैसे घेण्यासाठी त्यांतली एकच बँक नोंदलेली असते, आणि ती असते तुम्ही सगळ्यांत शेवटी जिच्या संमतीच्या कागदावर सही केलीत ती. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही नोंद झाली असं नाही. बँकेतला माणूस म्हणतो “आधार लिंक आहे”, आणि तो खोटं बोलत नसतो. पण ते केवायसीसाठी लिंक असतं. मदतीसाठीची नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते, म्हणून त्याला नेमकं असं विचारा: “माझं हे खातं डीबीटीसाठी एनपीसीआयला जोडलेलं आहे का?”

पगार डीबीटीवर गेला आणि आत्याचा बंद पडला. पासबुकात भरायला काही येईना. औषधांचे पैसे आम्ही भागवले, पण रोज संध्याकाळी ती फोन करून विचारायची, “माझं नाव कापलं का गं?” म्हाताऱ्या माणसाला पैशापेक्षा ती भीती जास्त खाते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो तो टाकला की कोणती बँक नोंदली आहे ते दिसतं. तिथे एका भलत्याच बँकेचं नाव होतं. आत्याला खूप आठवून आठवून आठवलं की पूर्वी शाळेत एक शिबिर झालं होतं, बायकांचे अंगठे घेऊन जनधनची खाती काढून दिली होती, पासबुक कुणाच्या तरी पिशवीत राहिलं. त्या खात्यात तिचा थांबलेला पगार जमा होत होता. आणि त्याच खात्यात 2020 चे जनधनचे तीन हप्तेही तसेच पडून होते. टाळेबंदीत ती कण्या खाऊन राहिली होती, आणि तिचे हक्काचे 1500 रुपये चार मैलांवरच्या शाखेत तिची वाट पाहत होते.

तर जुनी खाती शोधा. शिबिरात काढलेलं, बँक मित्रानं काढून दिलेलं, पोस्टमननं घरी येऊन काढलेलं, बचत गटासाठी काढलेलं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी अनेक बायकांनी घाईनं नवी खाती काढली आणि त्यामुळे त्यांचे दुसऱ्या योजनांचे पैसेही त्या नव्या खात्यात वळले. पैसे गेले नव्हते, फक्त दुसऱ्या दारी गेले होते. एक खातं नक्की करा आणि तेच डीबीटीला जोडून घ्या. जे खातं जवळच्या शाखेत आहे, जिथली पायरी चढता येते, ते निवडा. बंद पडलेल्या खात्याला घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार सरकारी लाभासाठी काढलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवता येत नाही, आणि निष्क्रिय खातं सुरू करायला पैसेही घेता येत नाहीत. केवायसीचे कागद मात्र द्यावे लागतात. पूर्ण केवायसी नसलेल्या लहान खात्यात एरवी एका वेळी 50,000 पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही; सरकारी मदतीच्या रकमेला ही मर्यादा लागू नसली तरी केवायसी पूर्ण केलेली बरी. पावसाळ्याआधीच हे करून घ्यावं.

अंगठ्याविषयी. राबून राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या आहेत त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही आणि हयातीच्या दाखल्यापासून पैसे काढण्यापर्यंत सगळं अडतं. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं घेता येतात. डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, तसं सांगून मागावं. आणि बँक मित्राकडे पैसे काढताना अंगठा ठेवला की छापील चिठ्ठी मागावीच. “शिल्लक बघू” म्हणून एकदा आणि “नीट उमटला नाही” म्हणून पुन्हा अंगठा घेऊन दोनदा पैसे काढल्याचे प्रकार घडतात. संकटाची मदत जाहीर झाली की फोनही सुरू होतात: तुमचे पुराचे पैसे मंजूर झालेत, ओटीपी सांगा. सरकारची कोणतीही मदत ओटीपी सांगून मिळत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड.

एक भीती मला गावोगाव भेटली. पुराची मदत घेतली तर पगार बंद होईल. आत्याच्या आळीतल्या एका विधवा बाईनं या भीतीनं पंचनामाच करू दिला नाही. कुणीतरी तिला सांगितलं होतं की खात्यात मोठी रक्कम दिसली की नाव कमी करतात. पगारासाठी पाहतात ते वर्षाचं उत्पन्न, तेही तहसीलदारांच्या दाखल्यावरून. पुराची मदत हे उत्पन्न नाही, बुडालेल्या वस्तूची ती भरपाई आहे. पगार बंद पडतो तो बहुतेक वेळा वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहिला म्हणून, किंवा आता आधारची नोंद चुकीची आहे म्हणून. बँकेनं जुन्या कर्जापोटी मदतीची रक्कम अडवली तरी गप्प बसू नका. मदतीच्या शासन निर्णयांत या पैशातून कर्जवसुली करू नये असं लिहिलेलं असतं. त्या निर्णयाची प्रत तहसीलमधून घ्या आणि शाखा व्यवस्थापकाला अर्जासोबत द्या.

एजंटाविषयी कडक बोलणं भाग आहे. मदतीतले निम्मे देतो म्हटल्यावर काम करणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. पंचनाम्याला पैसे लागत नाहीत, यादीत नाव घालायला लागत नाहीत, हरकतीच्या अर्जाला लागत नाहीत. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नववीच्या मुलीला बसवा, ती लिहून देईल. अंथरुणावर असलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन आधारवरून पैसे काढून देऊ शकतो, आणि 70 वर्षांवरच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत तसं लेखी मागावं.

आत्याची शिधापत्रिका आता वेगळी झाली आहे. खालच्या आळीत अशा आणखी काही एकट्या बायका आहेत ज्यांची चूल वेगळी आणि कार्ड दिराच्या नाहीतर मुलाच्या घरात. त्यांचे अर्ज पाऊस लागायच्या आत तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचे आहेत. मूळ शिधापत्रिका, कार्डावरच्या कुटुंबप्रमुखाचं संमतीपत्र, आधारची प्रत आणि त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा, एवढे कागद लागतात. संमतीपत्र द्यायला दीर किंवा मुलगा का कू करत असेल तर त्याला सांगावं की कार्ड वेगळं झालं म्हणून घराचा किंवा जमिनीचा हिस्सा वेगळा होत नाही. ही गोष्ट समजली की बहुतेक जण सही करतात.